क्लॅथ्रिन आणि पेशीतली ने-आण: वाचकांचे प्रश्न

क्लॅथ्रिन म्हणजे पिशवीवरचं वेष्टनच ना? मग त्याचं एवढं कौतुक का?
– बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, राजारामपुरी

क्लॅथ्रिन हे एक प्रथिन. पेशीच्या पडद्याला खळगा पडून माल आत नेणारी जी सूक्ष्म पिशवी तयार होते, तिच्यावर ते चढतं. वेष्टन म्हटलं की माल आधी भरला आणि वरून गुंडाळला, असं वाटतं. इथे तसं नाही. आवरण चढतानाच माल निवडला जातो आणि पिशवीही घडते. क्लॅथ्रिनचा प्रत्येक घटक तीन पायांचा असतो. हे पाय एकमेकांत गुंतून पंचकोन-षटकोनांची जाळी होते, बुट्टीच्या विणीसारखी. बार्बरा पीअर्स यांनी १९७६ साली त्याला हे नाव दिलं. क्लॅथ्रिन स्वतः मालाला हात लावत नाही. एपी-२ हे जोडप्रथिन रिसेप्टरची (पेशीच्या पृष्ठभागावर माल पकडणाऱ्या प्रथिनाची) आतली शेपटी ओळखून त्याला जाळीखाली आणतं. शेवटी डायनामिन हे प्रथिन पिशवीची मान तोडतं.

धाकट्या भावाचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) फार वाढलंय. डॉक्टर आनुवंशिक म्हणतात. तांबडा-पांढरा बंद केला तरी फरक नाही. क्लॅथ्रिन बिघडलं असेल का? गोळी सोडावी का?
– एक वाचक, गडहिंग्लज

दादा, गोळी स्वतःहून अजिबात सोडू देऊ नका.

क्लॅथ्रिनमध्ये दोष असण्याची शक्यता जवळजवळ नाही. अशा कुटुंबांत बहुधा एलडीएल रिसेप्टरचं जनुक बिघडलेलं असतं. ब्राउन आणि गोल्डस्टीन (नोबेल, १९८५) यांनी अभ्यासलेल्या एका रुग्णाचा रिसेप्टर एलडीएल नीट पकडायचा, पण क्लॅथ्रिनच्या खळग्यात जमायचा नाही. कारण शेपटीतलं एकच अमिनो आम्ल बदललं होतं, टायरोसिनच्या जागी सिस्टीन. माल दारात, आत जाणं बंद! धडधाकट रिसेप्टर साधारण दर दहा मिनिटांनी आत जाऊन पुन्हा पृष्ठभागावर येतो. स्टॅटिन या कोलेस्टेरॉलवरच्या गोळीमुळे यकृताच्या पेशीत कोलेस्टेरॉल कमी बनतं, म्हणून ती जास्त रिसेप्टर तयार करते आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेते. मटण कमी केलंत ते चांगलंच, पण या आजारात तेवढ्यावर भागत नाही. आणि तुम्ही स्वतः तपासणी केली का? आई-वडिलांपैकी एकाला हा दोष असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. भावाच्या मुलांचीही तपासणी करून घ्या.

पिशवी आत गेल्यावर क्लॅथ्रिनचं काय होतं?
– शिक्षिका, इचलकरंजी

लगेच उतरतं. ऑक्झिलिन या प्रथिनाच्या मदतीने एचएससी-७० हे प्रथिन एटीपी (पेशीतलं ऊर्जेचं चलन) खर्चून जाळी उसवतं. ती उतरल्याशिवाय पिशवी एंडोसोमला (आत आलेला माल जिथे पोचतो त्या कप्प्याला) मिळू शकत नाही. सुटलेले घटक पुढच्या खळग्यात पुन्हा वापरले जातात.