मागच्या स्पीकरमधून नेमकं काय येतं?

या वेळी जुन्या अल्बमच्या सराउंड, म्हणजे श्रोत्याच्या पुढे-मागे स्पीकर ठेवून ऐकायच्या, आवृत्त्यांविषयीचे प्रश्न घेतले आहेत. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर; अ‍ॅटमॉसमध्ये आवाज वरूनही येतो. सारखे आलेले प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ माझ्याकडे सीडीवर आहे. ५.१ आणि अ‍ॅटमॉसची ‘रीमास्टर’ आवृत्ती घ्यावी का? दोन चॅनेलच्या गाण्याचे सहा चॅनेल रीमास्टर करून कसे होतात? – कोल्हापूर

उत्तर : रीमास्टर करून होतच नाहीत. रीमास्टरिंग चालतं ते तयार स्टिरिओ मास्टर टेपवर. टेप चांगल्या यंत्रावर पुन्हा वाजवायची, डिजिटल करायची, टोन जरा सावरायचा, आवाजाची पातळी ठरवायची, इतकंच. त्या टेपवर गायक, गिटार, ड्रम सगळं आधीच एकजीव झालेलं असतं. सराउंडसाठी एक पायरी मागे, म्हणजे वाद्यं आणि गायन वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेल्या मल्टिट्रॅक टेपपर्यंत जावं लागतं आणि तिथून सगळं मिक्स नव्याने करावं लागतं. वेष्टनावर दोन्ही कामांना सर्रास ‘रीमास्टर’ म्हणतात, त्यामुळे हा घोळ होतो.

तुमच्या अल्बमचंच उदाहरण घेऊ. तो लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत १९७२-७३ मध्ये दोन इंची, १६ ट्रॅकच्या टेपवर मुद्रित झाला. सोळा ट्रॅक भरले की काही ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं वादन घ्यायचं, अशी तेव्हाची रीत होती. या प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढते आणि वरच्या पट्टीतला तजेला कमी होतो. २००३ च्या एसएसीडीसाठी (सीडीपेक्षा जास्त तपशील आणि सराउंडही मावणारी डिस्क) ध्वनी अभियंता जेम्स गथ्री यांनी ५.१ मिक्स केलं तेव्हा उतरवणीच्या आधीच्या, पहिल्या पिढीच्या टेपा वापरल्या. त्यामुळे त्यात काही वाद्यं मूळ एलपीपेक्षाही स्वच्छ ऐकू येतात.

हे काम अवघड होतं ते टेपा जुळवताना. दोन टेपा कधीच अगदी एका वेगाने धावत नाहीत. एकच वाद्य दोन्हींवर असेल आणि त्यांच्यात १ मिलिसेकंदाचा फरक राहिला, तर ५०० हर्ट्‌झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो आणि वाद्य नळीतून आल्यासारखं पोकळ वाटतं. म्हणून संगणकावर लहरी ताडून बघत, तुकड्यातुकड्याने वेग जुळवावा लागतो. बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’ची (१९६६) कथा तर याहून बिकट. वाद्यवृंद तीन किंवा चार ट्रॅकवर होता. तो मोनो करून आठ ट्रॅकच्या टेपवरच्या एकाच ट्रॅकवर उतरवला आणि उरलेल्या ट्रॅकवर गायन घेतलं. मूळ अल्बम मोनोच होता. अभियंता मार्क लिनेट यांनी नव्वदच्या दशकात वाद्यांच्या पहिल्या टेपा आणि गायनाच्या टेपा एकमेकींशी जुळवल्या, तेव्हा कुठे त्याचं खरं स्टिरिओ झालं.

टेप वाजवण्यातही चुका होतात. टेपच्या सुरुवातीला १०० हर्ट्‌झ, १ किलोहर्ट्‌झ आणि १० किलोहर्ट्‌झचे चाचणी-स्वर असतील, तर यंत्र त्यांच्यानुसार लावायचं. हेडचा कोन १० किलोहर्ट्‌झच्या स्वरावर बसवतात. तो चुकला की झांजा मातकट होतात, आणि ही हानी नंतर इक्वलायझरने भरून निघत नाही. टेप एनएबी वक्राची की आयईसीची (मुद्रणातल्या टोनची दोन मानकं), तिच्यावर डॉल्बी ए (खरखर कमी करणारी पद्धत) आहे की नाही, हे डब्यावरच्या चिठ्ठीवरून ठरतं. डॉल्बी लावलेली टेप डीकोड न करता उतरवली तर आवाज टोचरा होतो आणि खरखर सुरांबरोबर वरखाली होत राहते. काही श्रोते यालाच ‘जास्त तपशील’ समजून खूश होतात, तो भाग वेगळा.

मग येतो मूळ मिक्सचा मागोवा. प्लेटचा (धातूच्या पत्र्याने तयार केलेला) किंवा खोलीचा प्रतिध्वनी बहुतेक वेळा मिक्सिंगच्या वेळीच मिसळला जायचा, तो मल्टिट्रॅकवर नसतोच. शेवटी हळूहळू विरत जाणं, ब्लेडने कापून जोडलेले तुकडे, टेपचा बदललेला वेग हे सगळं फक्त स्टिरिओ मास्टरवर असतं. म्हणून नीट काम करणारा अभियंता जुनं स्टिरिओ मिक्स शेजारी ठेवतो, ओळीओळीला ताडून आधी तोच समतोल उभा करतो आणि त्यानंतरच वाद्यं मागे सरकवतो. किंग क्रिमसनच्या अल्बमवर २००९ पासून स्टीव्हन विल्सन यांनी केलेलं काम लोकांना आवडलं, ते मुख्यतः या शिस्तीमुळे. जिथे ही पायरी गाळली आहे तिथे गाणं ओळखीचं असूनही अंगाला लागत नाही.

घ्यावी का? घरी पाच स्पीकर असतील तर जरूर घ्या. दोनच असतील तर सीडी पुरे. पैसे वाचवा, त्यात एक चांगला सेंटर स्पीकर येईल.

प्रश्न : त्याच अल्बमच्या २०११ च्या ‘इमर्शन’ संचात एक मिक्स लावलं की सेंटर स्पीकर आणि सबवूफर मुके होतात. डिस्क खराब आहे का? – वाशी

उत्तर : नाही. ते अ‍ॅलन पार्सन्स (मूळ अल्बमचे ध्वनी अभियंता) यांचं सत्तरच्या दशकातलं क्वाड्रोफोनिक मिक्स, म्हणजे ४.०. त्या काळी चार कोपऱ्यांत चार सारखे स्पीकर गृहीत धरले जायचे. त्यामुळे सेंटर आणि एलएफई (सबवूफरसाठीचा खर्जाचा) चॅनेल त्यात नाहीतच. रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर चालवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये) स्पीकर ‘स्मॉल’ केले आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्‌झला ठेवला की चारही चॅनेलचा खर्ज सबवूफरकडे वळतो आणि तो पुन्हा बोलू लागतो. सेंटर मुकाच राहू द्या. तो वाजवण्यासाठी रिसीव्हरचा कुठला कृत्रिम मोड लावू नका.

प्रश्न : डीव्हीडी-ऑडिओ लावली की रिसीव्हरवर कधी ‘डीटीएस’, कधी ‘पीसीएम २ चॅनेल’ दिसतं. एसएसीडीला तर आवाजच नाही. ऑप्टिकल केबल नवी आहे. – नाशिक

उत्तर : केबल नवी असली तरी त्या वाटेने हे जाणारच नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झचे सहा चॅनेल म्हणजे सेकंदाला १३.८ मेगाबिट. डीव्हीडी-ऑडिओची स्वतःची मर्यादाच ९.६ मेगाबिट आहे, म्हणून डिस्कवर तो आवाज एमएलपी पद्धतीने, काहीही न गमावता आवळून ठेवतात. ऑप्टिकल केबलमधून जाऊ शकतं ते दोन चॅनेलचं पीसीएम (न आवळलेला डिजिटल आवाज), नाहीतर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएससारखं तपशील गाळलेलं सराउंड. म्हणून प्लेअर एकतर डिस्कच्या डीव्हीडी-व्हिडिओ भागातलं डीटीएस देतो किंवा सहाचे दोन करून देतो. एसएसीडीचा डीएसडी प्रवाह (१ बिट, २.८२२४ मेगाहर्ट्‌झ) तर नक्कल होऊ नये म्हणून त्या केबलवर सोडतच नाहीत.

प्लेअर आणि रिसीव्हर थेट एचडीएमआयने जोडा. मधे टीव्ही घेऊ नका. साध्या एआरसीवरून (टीव्हीतला आवाज एचडीएमआयनेच रिसीव्हरकडे नेणारी सोय) ट्रूएचडी (डॉल्बीचा काहीही न गमावणारा फॉरमॅट) जात नाही, त्याला तिची सुधारित आवृत्ती ईएआरसी लागते. ब्लू-रे प्लेअरच्या मेनूत डिजिटल आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ (आवाज न उलगडता जसाच्या तसा पाठवणं) करा आणि ‘सेकंडरी ऑडिओ’ बंद ठेवा. तो चालू राहिला तर ट्रूएचडीच्या जागी गुपचूप डॉल्बी डिजिटल जातं, आणि ही गोष्ट महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. रिसीव्हरच्या पडद्यावर फॉरमॅटचं नाव वाचायची सवय लावा.

जुना प्लेअर असेल तर मागच्या सहा अ‍ॅनालॉग सॉकेटमधूनही जोडता येईल. मात्र एलएफई चॅनेल १० डेसिबल खाली मुद्रित केलेला असतो आणि ऐकताना तेवढाच उचलायचा असतो. अ‍ॅनालॉग वाटेवर हे बऱ्याचदा आपोआप होत नाही आणि खर्ज अशक्त वाटतो. तसं असेल तर रिसीव्हरमध्ये त्या इनपुटचा सबवूफर १० डेसिबल वाढवा.

संगणकाच्या ड्राइव्हमध्ये एसएसीडी घातली तर फक्त सीडीचा थर वाचला जातो, म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झ, दोन चॅनेल. तेवढ्यावरून ‘हायरेझमध्ये (सीडीपेक्षा जास्त तपशिलाच्या आवाजात) काही फरक नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

प्रश्न : आमचा हॉल १२ बाय १४ फुटांचा आहे. मागचे स्पीकर मागच्या भिंतीवर, छताजवळ लावले आहेत. गाणं पुढे आणि मागे असं तुटक ऐकू येतं. – ठाणे

उत्तर : सिनेमाला ही जागा चालून जाते, संगीताला नाही. ५.१ मिक्स ज्या रचनेत होतं त्यात पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर असतात. म्हणजे ते खरं तर बाजूला, जरासे मागे हवेत. उंची बसलेल्या माणसाच्या कानाइतकी, फार तर फूटभर वर.

तुमच्या खोलीत सोफा मागच्या भिंतीपासून किमान ३ फूट पुढे घ्या. त्याशिवाय बाकीचं जमणार नाही. पुढचे स्पीकर तुमच्यापासून २.४ मीटरवर असतील तर त्यांच्यातलं अंतरही २.४ मीटर ठेवा. १२ फूट रुंदीत मागचे स्पीकर २.४ मीटरवर बसत नाहीत. ते मधल्या रेषेपासून १.७ मीटर बाजूला आणि कानाच्या रेषेपासून ६० सेंटिमीटर मागे ठेवा. तिथून तुमच्यापर्यंतचं अंतर साधारण १.८ मीटर होतं. आवाजाला ६० सेंटिमीटरला पावणेदोन मिलिसेकंद लागतात, तेवढा मागचा आवाज आधी पोचेल. टेपने मोजलेली खरी अंतरं रिसीव्हरमध्ये भरली की तो तेवढा उशीर घालतो. मग चाचणी-आवाजावर प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलला आणा. मोबाइलमधलं मीटर चालेल, कारण इथे आकडा खरा असण्यापेक्षा पाचही सारखे असणं महत्त्वाचं.

तुटकपणाचं आणखी एक कारण असतं : पुढे मोठे स्पीकर आणि मागे वेगळ्याच कंपनीचे, तळहाताएवढे. सिनेमात मागून पाऊस नि गाड्या येतात, इथे मागून अख्खा ऑर्गन येतो. पाचही स्पीकर एका मालिकेतले घ्या. तसंच प्रत्येक स्पीकरची लाल-काळी तार तपासा. एकाची उलटी लागली असेल तर त्या बाजूचा खर्ज गायब होतो.

प्रश्न : १९८० च्या सुमाराच्या मैफलींची पाव इंची रिळं घरात आहेत. वाजवताना टेप किंचाळते आणि हेडवर तपकिरी चिकटा जमतो. ओव्हनमध्ये भाजतात म्हणे. आणि यातून सराउंड होईल का? – रत्नागिरी

उत्तर : आधी वाजवणं थांबवा. टेपवरचा चुंबकी थर ज्या पॉलियुरेथेन बाइंडरने धरलेला असतो तो दमट हवेतलं पाणी शोषून विघटित होतो. अ‍ॅम्पेक्सच्या ४०६ आणि ४५६ टेपा यासाठी कुप्रसिद्ध आहेत, आणि कोकणातली हवा अशा टेपेला मानवत नाही. अशा स्थितीत जोरात पुढे-मागे गुंडाळली तर थर सोलून निघतो, आणि संगीत त्याच्याबरोबर जातं.

आधी रीळ प्रकाशासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसत असेल किंवा व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती अ‍ॅसिटेट टेप आहे. ती भाजायची नाही, वाकडी होऊन कायमची जाईल. अपारदर्शक पॉलिएस्टर टेप असेल आणि चिकटाही असेल, तरच पुढे जा. स्वयंपाकाचा ओव्हन नको, त्याचं तापमान २०-२५ अंश वरखाली होतं. मायक्रोवेव्ह तर मुळीच नको. फळं-भाज्या वाळवायचं, तापमान नेमकं ठेवणारं डीहायड्रेटर घ्या आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवून खात्री करा. ५४ अंश सेल्सियसवर पाव इंची टेपला ८ तास. मधूनमधून रीळ उलटा. मग बंद करून तितकाच वेळ आतच थंड होऊ द्या. सांध्यांचा चिकटपणा वाळून जोड सुटतात, तेव्हा नवी स्प्लायसिंग टेप हाताशी असू द्या. साधा सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद शेजारच्या फेऱ्यांवर पसरतो. भाजलेली टेप काही आठवडे नीट चालते, नंतर पुन्हा ओल धरते. म्हणून मुद्रणाची सगळी जुळणी झाल्यावरच भाजा आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झला एकाच बैठकीत उतरवून घ्या. दर रिळानंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

सराउंड होणार नाही. मैफल दोन ट्रॅकवर आहे आणि दोनच राहील. डब्यावर ‘४ ट्रॅक’ लिहिलेलं असलं तरी घरगुती यंत्रात त्याचा अर्थ एका दिशेने दोन आणि उलट दिशेने दोन असा होतो. चारही ट्रॅक एकदम वाजवले तर अर्धी मैफल उलटी ऐकू येईल.

प्रश्न : अ‍ॅपवर जुनी गाणी ‘अ‍ॅटमॉस’मध्ये येतात. ७८ आरपीएमच्या काळातली मराठी भावगीतंही उद्या तशी येतील का? खरं-खोटं कसं ओळखायचं? – न्यू जर्सी

उत्तर : येऊ शकतील, पण त्या तबकड्या मोनो आहेत. वेगळे ट्रॅक कुठल्याच कपाटात सापडणार नाहीत. उरतो तो मार्ग सॉफ्टवेअरने आवाज सुटे करण्याचा. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चं २०२२ चं मिक्स असंच शक्य झालं. पण तिथे स्टुडिओच्या चार ट्रॅकच्या टेपा हाताशी होत्या. तबकडीवर गायक, हार्मोनियम आणि तबला एकाच लहरीत आहेत, वर सुईची खरखर. सुटं करताना हार्मोनियमचे सूर गळ्याला चिकटून राहतात आणि तबल्याच्या चाटीची धार बोथट होते. अशा गाण्याची स्वच्छ केलेली मोनो प्रत आम्ही केव्हाही पसंत करू.

तपासायचं असं. रिसीव्हर बंद करून पुढच्या तिन्ही स्पीकरच्या तारा काढा आणि फक्त मागचे ऐका. तिथे एखादं वाद्य किंवा कोरस स्वतंत्र, स्वच्छ उभा असेल तर मिक्स सुट्या ट्रॅकवरून केलेलं आहे. तेच अख्खं गाणं जरा उशिरा, प्रतिध्वनीत भिजून येत असेल तर कुणीतरी स्टिरिओच मागे फेकलं आहे. झांजा पाण्याखालून आल्यासारख्या सळसळत असतील तर सॉफ्टवेअरने सुटं केलेलं.

अ‍ॅपवरचं अ‍ॅटमॉस ‘हाय-रेझोल्यूशन’ही नसतं. अ‍ॅपल म्युझिकवर ते डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये, ७६८ किलोबिटपर्यंत येतं. ब्लू-रेवर तेच मिक्स ट्रूएचडीमध्ये काही न गमावता मिळतं. तुलना करताना आवाजाची पातळी आधी समान करा. अ‍ॅटमॉस संगीत -१८ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या जोराचं माप) आत ठेवायचा दंडक आहे आणि स्टिरिओ आवृत्त्या सहसा त्याहून बऱ्याच मोठ्या आवाजाच्या असतात. न जुळवता ऐकलं तर दरवेळी स्टिरिओच जिंकेल.