पाणी तापलं तर पिल्लं लवकर वाढायला हवीत, मग पापलेट बारीक का?

वेसाव्याच्या (मुंबईतल्या वर्सोव्याच्या) एका डोलीवाल्या नाखवांनी विचारलंय (डोल म्हणजे दर्यात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं): "जाळ्यात तळहाताएवढी पापलेटं येतात, सरंगा, म्हणजे मोठं पापलेट, क्वचित दिसतो. दर्याचं पाणी तापलंय म्हणतात. पण तळ्यात मासे पाळणारे सांगतात, ऊब मिळाली की पिल्लू लवकर वाढतं. मग आमचं पापलेट बारीक का?"

नाखवा, तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण ते तळ्यापुरतं. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा गार असतं. पाणी तापलं की अंडं लवकर फुटतं, पिल्लाची भूक वाढते आणि सुरुवातीचे काही दिवस ते खरंच झपाट्यानं वाढतं. तळ्यात ही वाढलेली भूक मालक भागवतो. तो वेळेवर खाद्य टाकतो, पाण्यात हवा सोडणारं यंत्र लावतो. दर्यात पिल्लाला खाऊ घालणारं कुणी नाही.

अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटाशी बलकाची छोटी शिदोरी असते. गरम पाण्यात ती लवकर संपते. त्यानंतर थोड्याच दिवसांत तोंडाजवळ बारीक प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) सापडले नाहीत तर पिल्लू उपाशी मरतं. आणि प्लवंग कमी होण्याचं कारणही तेच तापलेलं पाणी. वरचा गरम थर झाकणासारखा बसतो, खालचं गार आणि खताचं पाणी वर येऊ देत नाही. १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचा पृष्ठभाग सरासरी १ अंशानं तापला. त्याच्या पश्चिम भागात गेल्या सहा दशकांत वनस्पती-प्लवंग २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं शास्त्रज्ञांनी दाखवलंय. एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण आपल्याला एका अंशाचा ताप चढला तर आपण कामावर जातो का? माशाला तर अंगाचा ताप उतरवताही येत नाही.

दुसरी अडचण श्वासाची. २५ अंशांच्या खाऱ्या पाण्यात जेवढा प्राणवायू मावतो, त्यापेक्षा ३० अंशांच्या पाण्यात साधारण ८ टक्के कमी मावतो. गरज वाढलेली आणि हवा कमी, त्यामुळे अंग मोठं करणं माशाला परवडत नाही. लहानपणी घाईनं वाढलेला मासा पुष्कळदा लवकर गाभोळी (पोटात अंडी) धरतो आणि पूर्ण वयात आकारानं लहानच राहतो. लहान मादीची गाभोळी लहान, म्हणजे पुढच्या वर्षीची पिल्लंही कमी.

तारलीचं (सार्डिन माशाचं) उदाहरण पाहा. केरळात २०१२ मध्ये जवळजवळ ४ लाख टन तारली उतरली, २०२१ मध्ये साडेतीन हजार टनही नाही. एल निनोच्या (प्रशांत महासागर नेहमीपेक्षा तापतो त्या) वर्षांतलं तापलेलं पाणी हे त्यातलं एक मोठं कारण मानलं जातं. एकेकाळी मलबारची समजली जाणारी तारली आणि बांगडा आता आपल्या किनाऱ्यावरही जास्त दिसतात, हे तुम्ही जाणताच.

पण सगळं खापर उष्णतेवर फोडलं तर मी तुमची फसवणूक करीन. पाणी तापल्यानं पिल्लांची संख्या घटते. जी वाचतात त्यांना बारीक आसाची (भोकांची) जाळी गाभोळी धरण्याआधीच उचलतात. दर्याचं तापमान वेसाव्यातून उतरवता येणार नाही, आस मात्र बदलता येतो. २०२३ मध्ये राज्यानं पापलेटला राज्यमासा केलं, आणि त्याच वर्षी ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले. पापलेट १३५ मि.मी., बोंबील १८० मि.मी. ही कायद्याची खालची रेघ झाली. पापलेट पहिल्यांदा गाभोळी धरतं ते याहून बरंच मोठं झाल्यावर, म्हणून रेघेच्या जरा वर गेलेलं पापलेटही जिवंत हाती आलं तर सोडा.

डोलीच्या खोळ्यातून (जाळ्याच्या टोकाच्या पिशवीतून) निघालेलं पिल्लू बहुधा मेलेलंच असतं, ते परत टाकून उपयोग नाही. म्हणून काम आधी करायचं. खोळ्याचा आस मोठा घ्या. एका उधाणाला एखाद्या खुंटावर पिल्लंच पिल्लं आली, तर पुढचे काही दिवस तिथे डोल लावू नका आणि शेजारच्या नाखवांनाही कळवा. एकट्यानं थांबून भागत नाही, याची मला कल्पना आहे. म्हणून हा निर्णय सोसायटीच्या बैठकीत घ्या. १ जून ते ३१ जुलैच्या बंदीचे ६१ दिवस मात्र एकही होडी सुटू नये. इन्कॉइसकडून (दर्याची माहिती देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडून) येणारा संभाव्य मत्स्यक्षेत्राचा, म्हणजे मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे त्याचा, संदेश रोज पाहा. तो उपग्रहानं मोजलेल्या तापमानावर आणि प्लवंगाच्या रंगावर बेतलेला असतो, डिझेल वाचतं.

भाऊच्या धक्क्यावरच्या एका मावशींनी विचारलंय, गिऱ्हाईक स्वस्त म्हणून बारीक पापलेट मागतं, नाही कसं म्हणू? मावशी, पाटीत पट्टी ठेवा. रेघेखालचा माल लिलावात तुम्ही उचलला नाहीत, तर आणणाऱ्याला त्याचा भाव मिळणार नाही. गिऱ्हाइकाला त्याच पैशात मांदेली किंवा बांगडा द्या.

आणि नाखवा, एक वही करा. तारीख, खुंट, मिळाल्यास पाण्याचं तापमान, आणि दहा पापलेटांची लांबी, लहानमोठी न निवडता हाताला येतील ती. दोन-तीन उधाणांच्या नोंदी झाल्या की वही घेऊन कार्यालयात या, कोणत्या खुंटावर किती दिवस थांबायचं ते आकडे समोर ठेवून ठरवू.