हॉलमधे पार्टिशन टाकून खोली काढायचीय, वीट की प्लाय की जिप्सम?

तुम्ही विचारलंय की जुळे सोलापूरला पहिल्या मजल्यावर घर आहे, हॉल २० बाय ११ चा, मधे भिंत घालून मुलीला अभ्यासाची खोली करायचीय, गवंडी म्हणतो वीटच घाला, इंटिरियरवाला म्हणतो जिप्सम, आणि पुढं भिंत वाढवायची किंवा दार हलवायची वेळ आली तर काय. मी ही कामं करतो, बरीचशी विजापूर रोड होटगी रोडच्या बाजूला, त्यामुळं सरळ सांगतो. तुमच्या केसमधे जीआय चॅनलवर, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांच्या सांगाड्यावर, जिप्समचे बोर्ड. पण गवंडी उगाच बोलत नाहीये, त्याचं म्हणणं कुठं खरं ठरतं तेपण सांगतो.

आधी वजन बघा. ११ फूट लांब, १० फूट उंच अशी साडेचार इंची विटेची भिंत दोन्ही बाजूनी प्लास्टर करून अडीच टनाच्या पुढं जाती. खाली बीम असला तर काही नाही, पण हॉलच्या मधोमध बीम कुठनं असणार, ते सगळं वजन स्लॅबवर एका रेघेत बसतंय. एएसी ब्लॉक (हलके सिमेंटचे ब्लॉक) घेतलं तर निम्म्याहून कमी होतं. जिप्समची तेवढीच भिंत साधारण अडीचशे किलोची, म्हणजे दहावा भाग, आणि जाडी तीन इंच, त्यामुळं खोलीतली जागापण वाचते. तळमजला असता आणि खाली नीट पाया घेता आला असता तर मीपण वीट म्हणालो असतो, निदान जिथं पाणी लागतं तिथं. बाथरूमला, मोरीला, सिंकच्या मागं जिप्सम लावायचा विचारपण करू नका, हिरवा बोर्ड आहे म्हणून कोणी कितीही सांगू दे, तो ओलसर हवेला चालतो, रोजच्या पाण्याला नाही.

प्लायचं म्हणाल तर ते बघायला भारी दिसतं, खिळा ठोका स्क्रू मारा सगळं धरतं, पण आपल्याकडं वाळवी. एकदा फ्रेमच्या लाकडात शिरली की वरनं लॅमिनेट नवं कोरं दिसतं आणि आतनं सगळं पोकळ. करायचंच असेल तर लाकडाला वाळवीचं औषध मारल्याशिवाय सुताराला फ्रेम उभी करू देऊ नका.

आता खरा मुद्दा, जो कोणी विचारतच नाही. पंखा. तुमच्या हॉलच्या मधे पंख्याचा हूक असणार, आणि भिंत मधोमध घातली की ती बरोबर पंख्याखाली येणार. ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून २ फूट जातं, भिंत त्याच्यापासून अजून दीडएक फूट लांब पाहिजे नाहीतर हवा कोंडते आणि नुसता आवाज येतो. म्हणजे भिंत हूकपासून साडेतीन फूट सरकवा, नाहीतर दोन्हीकडं नवीन हूक करून घ्या, अँकर फास्टनर (स्लॅबमधे घट्ट बसणारा बोल्ट) मारून, आणि ते भिंत उभी करायच्या आधी. दुसरं खिडकी. हॉलला एकच खिडकी असेल आणि ती एका बाजूला गेली तर दुसरी खोली मे महिन्यात भट्टी होईल, ४४-४५ डिग्रीला दार लावून पोरगी अभ्यास करणार कशी. अशा वेळी भिंत छतापर्यंत न नेता वरच्या दीड फुटात उघडझाप होणारी काच किंवा जाळी ठेवा, आवाज थोडा जाईल पण हवा फिरेल. आणि कूलर वापरत असाल तर त्याचं तोंड थेट नवीन भिंतीवर नको, रोजच्या ओल्या हवेनं सांध्यावरची पुट्टी फुगते.

काम कसं चालतं ते थोडक्यात, म्हणजे समोर उभं राहून बघता येईल. खाली फरशीवर आणि वर स्लॅबला आडवा चॅनल, मधे उभे स्टड, म्हणजे पत्र्याच्या उभ्या पट्ट्या, दर २ फुटाला. २ फूटच का, तर बोर्ड ४ फूट रुंद असतो, सांधा बरोबर स्टडवर येतो. काही जण पैसे वाचवायला अडीच तीन फुटाला स्टड लावतात, मग भिंतीला हात टेकला की हलते. स्टड वरच्या चॅनलला घट्ट स्क्रू करायचा नाही, ८-१० मिलिमीटर आखूड कापून नुसता बसवायचा, कारण स्लॅब उन्हानं भारानं थोडा वरखाली होतो आणि घट्ट बांधलं तर भिंतीला वरनं चीर पडते. वरची फट सीलंटनं भरतात. खालीसुद्धा बोर्ड फरशीला टेकवू नका, अर्धा इंच वर ठेवा आणि पुढं स्कर्टिंग लावा, आपल्याकडं फरशी बादलीभर पाणी ओतून धुतात, बोर्ड टेकलेला असला की तळातनं पाणी ओढून घेतो आणि वर्षभरात कड बिस्किटासारखी सुटायला लागते.

फरशी शहाबादी असली तर चॅनल बसवायच्या आधी ठोकून बघा. खाली पोकळ वाजली तर तिथं रावळप्लग (स्क्रू धरणारी गुल्ली) धरत नाही, आणि कडेला जोरात हॅमर मारला तर फरशीच तडकते. आधी बारीक बिटनं, हॅमर बंद ठेवून भोक, मग मोठं.

एका बाजूचा बोर्ड लागला की थांबा. इथंच सगळं ठरतं. वायरिंगचे पाईप, प्लगचे डबे, लॅनची वायर, सगळं आत्ता. स्टडच्या भोकातनं पाईप न टाकता नुसती वायर ओढू देऊ नका, पत्र्याची धार वायरचं आवरण कापते. टीव्ही, पुस्तकांची फळी, कपाट जिथं टांगायचंय तिथं स्टडच्या मधे १२ मिलिमीटरचा प्लाय किंवा लाकडी आडवी पट्टी घालून घ्या आणि दुसरा बोर्ड लावायच्या आधी मोजायची टेप समोर धरून मोबाईलवर फोटो काढून ठेवा, नंतर ते सोनं आहे. एसीचा आतला युनिट मात्र बाहेरच्या विटेच्या भिंतीलाच. आवाज कमी पाहिजे तर मधे ५० मिलिमीटरचा ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरा, भरणाऱ्याला हातमोजे आणि मास्क द्या, लई खाज सुटते. पण ग्लासवूलनं चमत्कार होणार नाही, दाराखाली बोटभर फट ठेवली तर टीव्हीवरच्या मालिका तिथनंच आत येणार. आणि सोलापूरच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालू असले तर ती घरघर भिंतीतनं नाही, स्लॅबातनं येते, त्याला पार्टिशन काही करू शकत नाही.

दाराचं बघा. दोन्ही बाजूला स्टड डबल आणि त्याच्या आत लाकूड भरलेलं पाहिजे, नाहीतर दार आपटून आपटून चौकट सैल होते. आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यात बोर्डाचा सांधा उभ्या रेषेत आला तर तिथं चीर येणार म्हणजे येणारच, कितीही टेप लावा. बोर्ड कोपऱ्याभोवती एल आकारात कापून सांधा चौकटीच्या मधोमध वर आणायला सांगा. कारागीर कुरकुर करतो कारण बोर्ड वाया जातो, जाऊ दे. एवढं एकच बघितलं तरी माणूस शिकलेला आहे की नाही ते कळतं.

पुढं बदल करायचा तर जिप्सम इथं विटेला भारी पडतं. भिंतीवर लोहचुंबक फिरवा, स्क्रू जिथं लागतात ती स्टडची रेघ. एमसीबी बंद करून आधी हातभर चौकोन कापून आत काय आहे बघा, मगच पुढं. भिंत लांबवायची असली तर जुन्या टोकाला नवा बोर्ड नुसता चिकटवायचा नाही, जुना बोर्ड मागच्या स्टडच्या मध्यापर्यंत कापून काढायचा, म्हणजे नवा बोर्ड जुन्या नव्या फ्रेमच्या जोडावरनं जातो आणि सांधा दुसरीकडं येतो. नवीन दार पाडताना मधला स्टड कापायच्या आधी वरनं आडवा चॅनल बांधून घ्या. काढून टाकायची झाली तर चॅनल परत वापरता येतो, बोर्डाचा चुराच होतो.

हे सगळं तुम्ही नवीन घालणार त्या भिंतीचं झालं. घरातली जुनी भिंत पाडून हॉल मोठा करायचा विचार असेल तर ते प्रकरण वेगळं. कसब्यातली पेठांमधली माळवदाची, दगडमातीची घरं आहेत तिथं प्रत्येक भिंत काहीतरी पेलून असते, तिथं सुतार गवंडी कोणी काही म्हणू दे, इंजिनिअरला आणून दाखवल्याशिवाय हातोडा लावू नका. आरसीसी घरातसुद्धा साडेचार इंची आहे म्हणजे पाडायला हरकत नाही असं धरून चालू नका, वर बीम कुठं जातोय ते बघा.

रेट मी लिहीत नाही, सारखा बदलतो. पण कोटेशन घेताना चौरस फुटात दोन्ही बाजू धरल्यात का, दाराची जागा वजा केलीय का, चॅनल किती जाडीचा (०.५ मिलिमीटरच्या खाली नको), ग्लासवूल आणि सांध्याची टेप धरलीय का हे लिहून घ्या. पुट्टी तर नक्की विचारा, जिप्समवाला टेप मारून जातो आणि म्हणतो पुट्टी रंगवाल्याची, रंगवाला म्हणतो बोर्डाची पुट्टी माझी नाही. हॉलचा फोटो आणि पंख्याचा हूक भिंतीपासून किती फुटावर आहे ते टाका, रेघ कुठं मारायची ते सांगतो.