सर्व्हिसिंगनंतर इंजिन तापतंय? रिवाइंडिंगआधी चुंबक तपासा

तुमचं हॉर्नबी डब्लोचं, म्हणजे त्या ब्रिटिश खेळण्यातल्या विजेच्या रेल्वेचं, जुनं इंजिन सर्व्हिसिंगनंतर एकटं बरं पळतं, पण तीन डबे जोडले की अडखळतं, तापतं, आणि दुरुस्तीवाले आर्मेचर (मोटरीतला फिरणारा, तारेची गुंडाळी असलेला लोखंडी भाग) रिवाइंड करा, म्हणजे नव्या तारेने गुंडाळून घ्या, म्हणताहेत. थांबा, इतक्यात देऊ नका. माझ्या इंजिनाचं दुखणं हेच होतं.

मी ते नुसतं साफसफाईला दिलं होतं. त्यांनी आर्मेचर उपसून काढलं आणि चुंबक तसाच मोकळा ठेवला. जुन्या मोटरींतल्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये सतत लोखंड लागतं. आर्मेचर काढताना त्याच्या जागी मऊ लोखंडाचा तुकडा सरकवला नाही, तर चुंबकाचा जोर तिथल्या तिथे उतरतो, आणि आर्मेचर परत बसवलं तरी तो येत नाही. चुंबक कमजोर झाला की मोटर करंट भरपूर ओढते, ओढ मात्र देत नाही. उरलेल्याची उष्णता होते. मी हे विचारलं तर उत्तर एकच, "वायंडिंग जळलंय". आर्मेचर बदललं, बिल लावलं, इंजिन पूर्वीसारखंच तापत राहिलं. या सगळ्यात एकदाही मीटर लावला गेला नाही, याचा संताप अजून जात नाही.

तुम्ही मल्टिमीटर लावा. ब्रश (आर्मेचरला वीज पोचवणारे घासते तुकडे) काढून कम्युटेटरच्या, म्हणजे ते जिथे टेकतात त्या तांब्याच्या गोलाच्या, तीन पट्ट्यांपैकी दोन-दोन पट्ट्यांमधला रोध मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले, तर आर्मेचर बहुधा ठणठणीत आहे. मग १२ व्होल्टवर करंट बघा. माझ्या अंदाजाने अर्ध्या अँपिअरच्या आसपास ठीक. एकाच्या वर गेला आणि चाकं-गिअर हाताने मोकळे फिरत असतील, तर संशय चुंबकावरच. तो पुन्हा चुंबकित करून मिळतो, आणि शक्यतो मोटर जुळवलेली असतानाच करून घ्यावा. निओडिमियमच्या जोरदार आधुनिक चुंबकांचे तुकडे बसवूनही काम होतं, पण मूळ चुंबक वाचत असेल तर मला ते पटत नाही.

मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर नाही, आणि हे फक्त डीसीवरच्या, कायम चुंबकाच्या मोटरींना लागू आहे. मार्कलिन या जर्मन कंपनीच्या जुन्या एसी इंजिनांत कायम चुंबकाऐवजी फील्ड कॉइल, म्हणजे विजेने चुंबक होणारी तारेची गुंडाळी असते, तिथे हे निदान चालणार नाही.

आणि उघडलंच आहे तर ओतीव सांगाडाही बघून घ्या. केसाएवढ्या भेगा दिसल्या तर स्क्रू आवळू नका. हा सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो, आणि त्यात शिशाची भेसळ असली की तो आतून पोखरत, फुगत जातो. तो भाग बदलावाच लागतो.