टीडीपीला ‘मर्यादा’ म्हणावं का?

दादरला राहणाऱ्या आणि घरीच व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या एकाने विचारलंय की लॅमिंग्टन रोडवरून इंटेलचा कोअर आय-७ १२७०० प्रोसेसर घेतला, सगळीकडे त्याचा टीडीपी (थर्मल डिझाइन पॉवर) ६५ वॅट लिहिलेला, पण व्हिडिओचा एक्सपोर्ट लावला की एचडब्ल्यूइन्फोमधे, म्हणजे वीज-तापमानाचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधे, आकडा दीडशेच्या आसपास जातो आणि दहा मिनिटांनीही तिथेच असतो. मग मराठीत ‘प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीज खातो’ असं लिहिलं तर चालेल का, आणि टीडीपीला नेमका शब्द काय?

माझं स्पष्ट मत आहे की ते वाक्य चुकीचं आहे आणि चूक ‘मर्यादा’ या शब्दात आहे. मराठीत मर्यादा म्हटली की ती ओलांडणं म्हणजे आगळीक, त्यामुळे असं वाक्य वाचणाऱ्याला वाटतं की पीस खराब निघाला किंवा कंपनीने फसवलं. टीडीपी ही वीज घेण्याची मर्यादा नाहीच मुळी. टी म्हणजे थर्मल, उष्णता, आणि डी म्हणजे डिझाइन: एवढी उष्णता निघेल असं धरून प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर बनवा. आपण लग्नात केटररला सांगतो ना, ‘तीनशे पानं धरा’, तसं ‘पासष्ट वॅट धरा’. तीनशे धरलीत म्हणून तीनशे एकाव्याला कोणी दारातून परत पाठवत नाही. हे ‘धरणं’ इथे इतकं चपखल बसतं की मी टीडीपीला सरळ ‘धरलेली उष्णता’ म्हणेन. पाठ्यपुस्तकी थाटात ‘औष्णिक अभिकल्प शक्ती’ करता येईल पण ते वाचून कोणालाच काही कळत नाही.

गोंधळ होतो तो वॅटमुळे. गिझरवर २००० वॅट लिहिलेलं असतं तेव्हा तो खरंच तेवढी वीज घेतो, त्यामुळे वॅट दिसले की डोळ्यासमोर लाइट बिल येतं. चिपने घेतलेली वीज शेवटी उष्णताच होते म्हणून एकक तेच, पण आकडा कुठून आला ते बघायला हवं. इंटेलची स्पर्धक एएमडी, तिच्या रायझन ७ २७००एक्स या प्रोसेसरचं गणित बघण्यासारखं आहे. चिपच्या वरच्या झाकणाचं तापमान ६१.८ अंश धरायचं, कूलरला मिळणाऱ्या हवेचं ४२ अंश, फरक आला १९.८, त्याला कूलरच्या औष्णिक रोधाने म्हणजे ०.१८९ ने भागायचं, की झाले १०५ वॅट. या सूत्रात चिप वीज किती घेते हे कुठेच येत नाही! ४२ म्हणजे कॅबिनेटच्या आतली हवा, मे महिन्यात मुंबईत एसीशिवायच्या खोलीत तेवढी सहज होते. आणि याच १०५ वॅटवाल्या रायझनला सॉकेटमधून, म्हणजे बोर्डवर चिप बसते त्या खाचेतून, घ्यायची खरी मुभा १४२ वॅटची असते, ६५ वाल्याला साधारण ८८, आणि एएम-५ सॉकेटवरच्या १७० वाल्याला २३०. म्हणजे दर वेळी १.३५ पट.

इंटेलचं वेगळं आहे. त्यांचे ६५ वॅट हे मूळ वेगाचे, बेस फ्रिक्वेन्सीचे. तुमच्या १२७०० च्या मोठ्या कोअरचा मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ आणि टर्बो, म्हणजे गरजेपुरता वाढवलेला वेग, ४.९ पर्यंत, आता दुप्पट वेगाने पळवायचं आणि वीज तेवढीच हे कसं जमणार? शिवाय वेग वाढवायला व्होल्टेज वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर वीज ३३ टक्के वाढली. शेवटचे दोनतीनशे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात ते यामुळे. इंटेलने २०२१ मधे बाराव्या पिढीपासून टीडीपी हा शब्दच तपशिलातून काढला आणि दोन आकडे द्यायला लागले, प्रोसेसर बेस पॉवर आणि मॅक्सिमम टर्बो पॉवर, तुमच्या चिपचे ६५ आणि १८०. मला हे फार योग्य वाटतं, दुकानदार आणि आपण मात्र अजून टीडीपीच म्हणतोय.

मग ‘मर्यादा’ शब्द वापरायचाच नाही का, तर वापरायचा, पण बायोसमधल्या, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमधल्या, पीएल-१ आणि पीएल-२ (पीएल म्हणजे पॉवर लिमिट) यांना, कारण त्या खऱ्या मर्यादा आहेत. पीएल-२ म्हणजे थोड्या वेळापुरती वरची मर्यादा. पीएल-१ ही सरासरीची मर्यादा, आणि सरासरी किती काळाची ते टाऊ नावाचा आकडा ठरवतो, ६५ वॅटच्या बऱ्याच चिपना तो २८ सेकंद असतो. इंटेलचेच आकडे सेट असतील तर एक्सपोर्ट सुरू केल्यावर आकडा उसळतो, अर्ध्या मिनिटाच्या आत सरासरी ६५ ला टेकते आणि मग वेग कमी होऊन वीज ६५ वर येऊन बसते. यात काहीच ओलांडलेलं नाही. कूलरचं धातू तापायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात काम उरकून घ्यायचं हा विचार आहे त्यामागे, आणि आपलं रोजचं बरंचसं काम, ॲप उघडणं, पेज लोड होणं, तेवढ्यात संपतंही.

तुमचा आकडा खाली येतच नाही, दहा मिनिटांनीसुद्धा दीडशेच, याचा अर्थ मदरबोर्डने पीएल-१ मोकळा सोडलाय. पुष्कळ बोर्ड हे आपणहून करतात, बेंचमार्कमधे, म्हणजे वेगाच्या चाचण्यांमधे, आपला बोर्ड पुढे दिसावा म्हणून, एचडब्ल्यूइन्फोमधे पीएल-१ समोर ४०९५ वॅट दिसले तर समजा लगाम काढलेला आहे. हे ग्राहकाला न सांगता होतं याचा मला खरंच राग येतो, कारण खोक्यातला कूलर धरलेल्या आकड्याच्या हिशेबाने दिलेला असतो आणि गरम हवा, आवाज आणि बिल आपल्या वाट्याला.

एका ठिकाणी मात्र ‘मर्यादा ओलांडली’ अक्षरशः खरं ठरतं. रायझनच्या काही बोर्डांवर बोर्ड चिपला करंट कमी जातोय असं खोटंच कळवायचा, चिप बिचारी आपण मर्यादेतच आहोत समजून जास्त वीज घ्यायची. ते पकडायला एचडब्ल्यूइन्फोने २०२० मधे वेगळं रीडिंगच आणलं. तिथे ‘ओलांडली’ खुशाल लिहा.

क्रियापदाचं म्हणाल तर खातो, घेतो, खेचतो तिन्ही चालतात. वायरमन लोक ‘लोड घेतो’ आणि ‘करंट खेचतो’ म्हणतात, मला क्षणभराच्या उसळीसाठी ‘खेचतो’ आणि महिन्याच्या हिशेबाला ‘खातो’ आवडतं.

तेव्हा तुमचं वाक्य असं करा: ‘प्रोसेसर धरलेल्या आकड्यापेक्षा जास्त वीज खेचतो, कारण बोर्डने सरासरीची मर्यादा काढून टाकली आहे.’ आणि खोक्यातलाच कूलर असेल तर बायोसमधे लाँग ड्युरेशनला (म्हणजे पीएल-१ ला) ६५, शॉर्ट ड्युरेशनला (पीएल-२ ला) १८० टाकून बघा, एक्सपोर्टला वेळ जास्त लागेल पण पंखा शांत होईल. चांगला टॉवर कूलर घेणार असाल तर लाँगला शंभर-सव्वाशेसुद्धा ठेवता येतील. एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) निवडताना मात्र प्रोसेसरचे १८०च धरा.