अकराव्या अध्यायाची पानं

प्रिय बाय,

तुझं लिखाण परवा मिळालं. पाऊस धरून बसला होता, वीज नव्हती, तेव्हा कंदिलाच्या उजेडात एका बैठकीत वाचून काढलं. तुझी ती खाडीकाठची वस्ती, आभाळातून उतरणारी गलबतं, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. फक्त पवित्र ग्रंथापाशी आले आणि अडखळले. दहा हजार वर्षं जुना, सोन्याचा, अक्षरं आपोआप उजळणारी. तो कोणी लिहिला, कोणी सांभाळला, शेवटचा कोणी वाचला, यातलं काहीच तू सांगत नाहीस. त्या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहिते आहे.

तू सांगितलंस म्हणून २०१७चा ‘द लास्ट जेडाय’ हा ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला सिनेमा मी पाहिला. जेडाय म्हणजे त्यातले साधूसारखे योद्धे. त्यांचे मूळ ग्रंथ एका बेटावर, झाडाच्या ढोलीत ठेवलेले. (ते बेट खरं आहे. आयर्लंडजवळचं स्केलिग मायकेल. तिथे शेकडो वर्षांपूर्वी ख्रिस्ती साधू दगडी घुमट्यांत राहत.) त्या ग्रंथांची राखण करणारा म्हातारा जेडाय ल्यूक ते झाड जाळायला मशाल घेऊन जातो आणि त्याचा हात कचरतो. मग त्याचा मेलेला गुरू योडाच प्रकट होऊन, वीज पाडून झाड पेटवतो आणि ल्यूकला विचारतो, वाचलेस का ते ग्रंथ? ल्यूकला धड उत्तर देता येत नाही. राखण करणाऱ्यानं ग्रंथ नीट वाचलेलेच नाहीत, आणि रे नावाच्या पोरीनं ते आधीच गुपचूप उचलून नेलेले असतात. त्या प्रसंगाला मला रडू आलं, कारण मला आमचं देवघर आठवलं.

आमच्याकडे शिवलीलामृताची हाताने लिहिलेली पोथी आहे. लाल बासनात, दोन लाकडी फळ्यांमध्ये. सासूबाई रोज तिच्यावर फूल वाहायच्या, त्यांच्यामागे मी वाहू लागले. सोडून बघायचं कधी मनातच आलं नाही. एका पावसाळ्यानंतर बासनाला बुरशीचा वास आला म्हणून ऑक्टोबरच्या उन्हात पडवीत बसून गाठ सोडली. कसरीनं एकाच जागी भोक पाडलं होतं, ते कितीतरी पानांतून आरपार गेलेलं. पहिल्या दहा अध्यायांची पानं बऱ्यापैकी स्वच्छ. अकराव्याला आले तर कडा बोटांच्या तेलानं काळ्याकुट्ट, एका पानावर हळदीचा ठसा. बाराव्यापासून पुन्हा कोरं करकरीत. अकरावा अध्याय नित्य वाचायचा, ही रीत तुला माहीत आहे. त्या कडांवरून मला कळलं की कोणे एके काळी आमच्या घरात कोणीतरी रोज ही पोथी उघडत होतं. आणि कधीतरी ते थांबलं. मला त्याची अजून खंत वाटते.

तुझ्या ग्रंथाला अशा कडा दे. कुठलं पान काळं पडलंय ते ठरव, म्हणजे तुझ्या लोकांना कशाची भीती होती ते तुलाच उमगेल.

मग नक्कल करणाऱ्याचा विचार कर. जुने लेखक बोरूनं लिहीत, चुकलं की पिवळ्या हरताळाचा लेप देऊन त्यावर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आलं. आमच्या पोथीतही तसा एक पिवळा डाग आहे. पण सगळ्या चुका काही सापडत नाहीत. ज्ञानेश्वरी १२९०ची, आणि तीनशे वर्षांच्या आत तिच्या नकलांत इतके पाठभेद शिरले की १५८४मध्ये एकनाथांना ती शुद्ध करायला बसावं लागलं. पुढे कोणी त्यात आपली ओवी घातली तर ते अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवल्यासारखं, असं त्यांनी बजावलं. नरोटी! आपल्या माणसाला याहून स्पष्ट काय सांगायचं.

तुझ्याच गोष्टीत बघ. समज, मूळ ओळ ‘तारू राखा’ अशी होती. कसरीनं नेमका उकार खाल्ला. पुढच्या लेखकानं अंदाजानं काना दिला, झालं ‘तारा राखा’. आता निम्मी वस्ती गलबत डागडुजी करत बसलेली आणि निम्मी रात्रभर आभाळाकडे बघत. दोघंही मनापासून श्रद्धाळू. तुझ्या तिसऱ्या प्रकरणातलं भांडण मला उगीचच ओढून आणलेलं वाटलं होतं. त्याला हे कारण पुरेल.

ग्रंथ टिकतो कसा, हेही आपल्याच किनाऱ्यावर बघायला मिळतं. फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं ख्रिस्तपुराण १६१६मध्ये गोव्यातल्या साष्टीत रायतूरला छापलं गेलं. जवळपास ११,००० मराठी ओव्या, रोमन लिपीत. त्या शतकात आणखी दोनदा छापलं. त्या छापील प्रतींपैकी एकही आज हाती नाही. हातानं उतरवून घेतलेल्या नकला तेवढ्या राहिल्या आणि त्यांच्यावरून १९०७मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं. छापखाना हरला आणि कोणाच्या तरी घरातली वही उरली. ते उतरवणारे हात कोणाचे होते, हा विचार मला रात्री जागं ठेवतो. तुझ्या गोष्टीत तशी एक बाई असू दे. तिला दिव्यदृष्टी नको. तिचे डोळे अधू झालेत आणि पाऊस सुरू व्हायच्या आत तिला नक्कल पुरी करायची आहे, एवढं बस्स.

चमकणारी अक्षरं काढून टाकलीस तर बरं. भविष्यवाणी ठेवायची तर ठेव, त्यावर माझा हट्ट नाही.

गणपती झाले की ये. पोथी आता वेखंडाच्या पुरचुंडीसोबत कोरड्या पेटीत ठेवली आहे, रोज एक अध्याय वाचते. परवा तेरावा झाला. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखक ग्रंथाच्याच तोंडून विनवणी लिहून ठेवायचे, मला पाण्यापासून जपा, तेलापासून जपा, सैल बांधू नका. आमच्या पोथीच्या शेवटी तसं काही आहे का, ते आपण दोघी मिळून बघू. शेवटचं पान मी तुझ्यासाठी राखून ठेवलंय. येताना केसांना तेल लावून येऊ नकोस.

तुझी,
बाई