वकिलांच्या ऑफिसात टायपिस्टला वर्ड नेमकं किती यायला हवं?

तुम्ही लिहिलंय की मराठी टायपिंगची ४० ची परीक्षा पास झालात, महिन्याभरापूर्वी एका दिवाणी वकिलांकडे लागलात. स्पीड चांगला आहे, पण जुना दावा उघडून त्यावर नवीन करायला घेतला की अक्षरं लहानमोठी होतात, कलमांचे नंबर बिघडतात, आणि आता वर्डचा कुठला कोर्स करू असं विचारताय.

मी जिल्हा न्यायालयाजवळच्या एका ऑफिसात १४ वर्षं हेच काम करते. कोर्स नंतर करा. स्पीडची काळजी तर अजिबात नको. आपल्या कामातल्या बहुतेक चुका टायपिंगच्या नसतात, 'जुन्यावर नवीन' करण्याच्या असतात. जुन्या फाइलमधलं काय आपल्या नकळत नव्या दाव्यात येतंय, ते ओळखायला शिका.

माझ्या हातून झालेली चूक सांगते. कऱ्हाड तालुक्यातल्या जमिनीचा जुना वाटपाचा दावा होता, त्यावरून पाटण तालुक्यातला करायचा होता. मी 'रिप्लेस ऑल' केलं, कऱ्हाडच्या जागी पाटण. वर्डने बदल झाल्याचं सांगितलं, मी निर्धास्त. दावा दाखल झाला आणि समन्स निघाल्यावर लक्षात आलं की मिळकतीच्या वर्णनात एका ठिकाणी 'ता. कऱ्हाड' तसंच राहिलंय. स्थावर मिळकतीचं वर्णन ती ओळखता येईल असं वादपत्रात असावं लागतं, दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ७ नियम ३ तेच सांगतो. मग आदेश ६ नियम १७ खाली दुरुस्तीचा अर्ज, त्यावर समोरच्यांचं म्हणणं, पुढच्या तारखा. पक्षकार म्हातारे होते, प्रत्येक तारखेला एसटीने यायचे. ते मी अजून विसरलेले नाही.

ते एक कऱ्हाड सुटलं कसं? युनिकोडमध्ये हा 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खालचं टिंब असलेला स्वतंत्र ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण वर्डच्या लेखी शब्द वेगळे. जुन्या दाव्यातलं वर्णन कुणीतरी दुसऱ्याने टाइप केलेलं होतं. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांचे' यांचं तेच, आणि आपला रोजचा 'ॲड.' सुद्धा: काही जण ॲ हे एकच अक्षर घेतात, काही जण अ वर चंद्र देतात. म्हणून फाइंडच्या चौकटीत शब्द स्वतः टाइप करू नका, जुन्या फाइलमधूनच कॉपी करून टाका. आणि त्यानंतरही मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, गट नंबर, क्षेत्र या गोष्टी सातबारा शेजारी ठेवून, आकड्यावर बोट ठेवून वाचा.

जुनी फाइल श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमधली असेल तर युनिकोडमध्ये टाइप केलेला शब्द त्यात सापडणारच नाही. तिथे मराठी फक्त दिसायला असते, आत इंग्रजी कीबोर्डची अक्षरं असतात. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर म्हणूनच सगळं अगम्य दिसतं. कन्व्हर्टरने बदलून घ्या, पण रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं नजरेखालून घातल्याशिवाय ती प्रत साहेबांपुढे ठेवू नका.

आता लहानमोठ्या अक्षरांचं. वर्ड इंग्रजी आणि देवनागरीचा फॉन्ट आणि साइज वेगवेगळे लक्षात ठेवतं. कंट्रोल-डी दाबा. जी खिडकी उघडेल तिच्यात वर लॅटिन टेक्स्ट आणि खाली कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असे दोन भाग दिसतील. देवनागरी खालच्या भागात येते. वर १४ आणि खाली ११ असेल तर 'एन.ए.' इंग्रजीत लिहिलेलं मोठं आणि भोवतीची मराठी बारीक, असं होतं. दोन्ही भाग भरा, आणि शक्य झाल्यास हे नॉर्मल स्टाइलमध्येच बदला, म्हणजे दर वेळी निस्तरावं लागणार नाही. खालचा भाग दिसतच नसेल तर वर्डच्या लँग्वेज सेटिंगमध्ये मराठी जोडा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा ईमेलमधून मजकूर घेताना नेहमी 'कीप टेक्स्ट ओन्ली' करूनच पेस्ट करा. आधीच बिघडलेला परिच्छेद असेल तर निवडून कंट्रोल-स्पेस आणि कंट्रोल-क्यू. पहिल्याने अक्षरांचं, दुसऱ्याने परिच्छेदाचं वरून दिलेलं फॉरमॅटिंग निघतं. ठळक केलेलंही जातं, ते परत द्यावं लागेल.

कलमांचे नंबर हाताने टाइप करू नका, ऑटोमॅटिक घ्या. पण खरी मेख सत्यापनात असते. 'वर कलम १ ते १८ मधील मजकूर खरा व बरोबर आहे' असं लिहिलेलं असतं, साहेब आयत्या वेळी दोन कलमं वाढवतात, आणि सत्यापन १८ वरच राहतं. तिथला १८ क्रॉस-रेफरन्सने शेवटच्या कलमाला जोडा. छापण्याआधी कंट्रोल-ए आणि एफ९ केलं की तो आपोआप २० होतो. सत्यापन आणि सही यांना 'कीप विथ नेक्स्ट' द्या, कारण सही एकटी कोऱ्या पानावर गेली तर ती कशाखाली केली हेच त्या पानावरून कळत नाही.

'वादी', 'प्रतिवादी' उजवीकडे नेण्यासाठी स्पेसबार दाबत बसू नका. कंट्रोल-शिफ्ट-८ करून बघा, ऑफिसातल्या जुन्या फाइलींत टिंबांच्या रांगाच रांगा दिसतील. प्रिंटर बदलला की शीर्षक विस्कटतं ते यामुळेच. टॅब वापरा, नाहीतर बिनरेषांचं टेबल.

कागदाचं माप आधी विचारून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या परिपत्रकात स्वतःकडे दाखल होणाऱ्या कागदांसाठी ए-४ कागद दोन्ही बाजूंनी, टाइम्स न्यू रोमन १४, दीड ओळ अंतर, डावी-उजवीकडे ४ सेंमी आणि वर-खाली २ सेंमी समास असं ठरवून दिलंय. लीगल लेजरवर, म्हणजे कोर्टाच्या जुन्या लांब कागदावर, बेतलेली फाइल तशीच ए-४ वर काढली तर पानं बदलतात आणि दस्तऐवज यादीतले पान नंबर चुकतात.

लाइट गेली आणि फाइल सेव्ह नव्हती, तर घाबरू नका. फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट, तिथे 'रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स' असतं. बहुतेक वेळा बरंच हाती लागतं.

या आठवड्यात साहेबांना विचारून एक काम करा: चेक परतीच्या, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ च्या नोटिशीची कोरी प्रत बनवा. जुन्या पक्षकाराचं एकही अक्षर त्यात नको. चेक नंबर, तारीख, रक्कम, बँकेकडून कळल्याची तारीख या जागा रिकाम्या ठेवून पिवळ्या करा आणि फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा, म्हणजे उघडताना दर वेळी नवीनच प्रत उघडेल. सुरुवात त्या नोटिशीपासून सुचवतेय कारण ती लहान असते, सारखी लागते, आणि चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत पाठवावी लागते. तिथे मागच्या पक्षकाराची तारीख राहिली तर ती दुरुस्त करायला वेळ उरेलच असं नाही.